'अबाउंड'ला मराठीत काय म्हणायचं?

भाचीने परवा एक वाक्य पाठवलं: 'द रिव्हर अबाउंड्स इन फिश.' खाली तिचा प्रश्न, "मावशी, 'नदीत मासे विपुल प्रमाणात आहेत' हे बरोबर आहे, पण असं कोण बोलतं गं?" तिचं म्हणणं मला पटलं. अर्थ चुकलेला नाही, पण वाक्य सरकारी अहवालातलं वाटतं. दोन दिवस हा शब्द माझ्याही डोक्यात घोळत होता, म्हणून लिहिते आहे.

आधी शब्दाचं मूळ, कारण ते फार सुंदर आहे. अबाउंड फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि फ्रेंचमध्ये लॅटिन 'अबुन्दारे'मधून. त्यातल्या 'उन्दा'चा अर्थ लाट. पाणी काठ ओलांडून बाहेर पडणं, हा मूळ अर्थ. इनन्डेट, रिडन्डन्ट ही याच लाटेची भावंडं. सराउंडसुद्धा! त्याचा पहिला अर्थ पाण्याने बुडवून टाकणं असा होता, 'राउंड'शी नाव जुळल्यामुळे तो पुढे वेढा घालायला लागला. आणि हे 'उन्दा' आपल्यालाही परकं नाही. संस्कृतातला 'उन्द्', म्हणजे भिजवणं, 'उदक' आणि समुद्रातला 'उद्र' हे सगळे त्याच घराण्यातले.

म्हणजे अबाउंडचा अगदी जवळचा मराठी नातेवाईक 'विपुल' नव्हे, 'उतू जाणे' आहे. आमच्याकडे रथसप्तमीला तुळशीपुढे गोवऱ्या पेटवून बोळक्यात दूध ठेवतात. आधी कडेला बारीक बुडबुडे धरतात, मग साय मधोमध फुगून वर येते, आणि एरवी धावत जाऊन गॅस बंद करणारी आई त्या दिवशी शांत बसून असते. दूध काठावरून ओघळून गोवरीवर चर्र झालं की तिचा चेहरा खुलतो. घरात असंच भरभरून राहो, म्हणून ते मुद्दाम उतू घालवायचं. तीच क्रिया 'ऊत येणे' झाली की मात्र सूर पालटतो: अफवांना ऊत येतो, भ्रष्टाचाराला ऊत येतो. आणि कहाणीतल्या वशात 'उतणार नाही, मातणार नाही' म्हणताना तर उतणं म्हणजे माजणं.

खरी अडचण इथेच आहे. इंग्रजी अबाउंडला बरंवाईट नसतं. 1611च्या इंग्रजी बायबलमध्ये जिथे पाप अबाउंड झालं तिथे कृपा त्याहून जास्त अबाउंड झाली, असं एकाच वाक्यात येतं. पापालाही तेच क्रियापद आणि कृपेलाही. मराठीत तसं करून बघा. पापाला ऊत येईल, पण कृपेला ऊत आला म्हटलं तर ऐकणारा दचकेल. कृपेचा वर्षाव होतो, फार तर पूर येतो. आपल्याकडे नुसतं 'भरपूर आहे' एवढंच सांगून सुटका होत नाही. ते हवंसं आहे की नकोसं, हेही त्याच शब्दात सांगावं लागतं. उंदरांचा, भुरट्या चोरांचा सुळसुळाट. डासांचा बुजबुजाट. क्लासेसचं पेव फुटतं. लग्नात पक्वान्नांची रेलचेल, आणि पाऊस चांगला झाला की धान्याचा सुकाळ. झाड आंब्यांनी लगडतं, बाजार माणसांनी गजबजतो. यातला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी बसत नाही. शब्दकोशात अबाउंडपुढे 'विपुल असणे' एवढंच देऊन थांबणं मला म्हणूनच अपुरं वाटतं.

आता वापराबद्दल थोडं. हे क्रियापद अकर्मक आहे. मासे नदीत अबाउंड होतात किंवा नदी माशांनी अबाउंड होते, दोन्ही रचना चालतात. पुढे 'इन' येतं किंवा 'विथ'. चूक होते ती 'इज अबाउंडेड विथ' लिहिण्यात, आणि ही चूक आपल्याकडे सर्रास दिसते. मनात 'जंगल वाघांनी भरलेलं आहे' असं मराठी असतं, त्यातलं 'भरलेलं आहे' तसंच इंग्रजीत उतरतं. अबाउंडला कोणी भरत नाही, ते आपणहून भरून वाहतं, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. टीम (teem, संघ म्हणतो ती 'टीम' नव्हे) हे क्रियापद याच्या जवळचं, पण त्यात वळवळ, हालचाल जास्त. खजिना टीम होत नाही, मुंग्यांचं वारूळ होतं.

भाचीला काय सांगितलं? क्रियापद शोधूच नकोस. कोकणात पहिल्या पावसात चढणीचे मासे येतात, तेव्हा ओहोळावरून आलेला माणूस 'विपुल' म्हणत नाही आणि 'ओसंडून वाहतोय' असंही म्हणत नाही. भिजलेला, हातात टोपली घेऊन दारात उभा राहतो आणि सांगतो, "मासेच मासे!" शब्द दोनदा, मध्ये एक 'च'. आंबेच आंबे, माणसंच माणसं, पाणीच पाणी. बरंवाईट काहीही असो, कशालाही चालतं. अबाउंडसारखं तटस्थ मराठीत काही असेल तर ते हे, आणि ते क्रियापद नाहीच.

तिने शेवटी लिहिलं, 'नदीत नुसते मासेच मासे आहेत.' मी त्यातलं 'आहेत' तेवढं खोडलं.