नुसता जोर वाढवून भुशाची वीट धरत नाही

लाकडाचा भुसा साच्यात दाबून जळणाची वीट करताना, साच्याला मोठा जॅक लावला की भुसा आपोआप चिकटेल, असं काहीजण म्हणतात, ते पटत नाही. कारखान्यातल्या यंत्रात दाबाबरोबर उष्णताही असते, तिने लाकडातलं लिग्निन (तंतूंना बांधून ठेवणारा नैसर्गिक घटक) मऊ होऊन भुसा धरतो. घरच्या गार साच्यात हे होत नाही. तिथे धरून ठेवतात ते कागदाचे तंतू. रद्दी दोन-तीन दिवस भिजवून पार लगदा करा, एक भाग लगद्याला दोन-तीन भाग बारीक भुसा घ्या. मूठ घट्ट पिळून उघडल्यावर गोळा फुटला तर लगदा कमी पडलाय. रंध्याच्या कुरळ्या ढलप्या चाळून काढा. दाब सुटला की त्या फुगतात आणि वीट तडकते.

बंबात वापरायची असेल तर मधोमध इंचभर भोक ठेवाच, वाळतेही लवकर आणि जळतेही नीट. प्लायवूड-एमडीएफचा भुसा मात्र अजिबात नको, त्यातल्या रेझिनचा (थर आणि तंतू चिकटवणाऱ्या रसायनाचा) धूर विषारी असतो.