जुन्या मॅसी ट्रॅक्टरचा क्लच घसरतोय

वाळव्याहून: वडिलांचा डबल क्लचचा मॅसी. उसाची ट्रॉली चढाला लागली की इंजिन ओरडतं, ट्रॅक्टर सरकत नाही, जळका वास येतो. गिअर मात्र अलगद पडतो. क्लच प्लेट गेली का?

तासगाव: दादा, खोलायच्या आधी पेडल हाताने दाबून बघा. सुरुवातीला जरासुद्धा ढील (पेडलची मोकळी हालचाल) नसेल तर क्लचचं बेअरिंग कायम फिंगरला, म्हणजे प्लेट सोडवणाऱ्या बोटांना, टेकलेलं राहतं, मग प्लेट घसरणारच. आधी पेडलचा रॉड ॲडजस्ट करा.

कराड: ढील असूनही घसरला तर ट्रॅक्टर मधून, इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करून, खोलावाच लागेल. दोन्ही भागांखाली भक्कम ठोकळे द्या, नुसत्या जॅकवर विसंबू नका. प्लेट तेलकट निघाली तर आधी क्रँकचं (इंजिनच्या मुख्य शाफ्टचं) मागचं सील बदला, नाहीतर नवी प्लेटही वाया जाईल.

वाळव्याहून: ढील शून्यच निघाली! उद्या रॉड बघतो.