जपानमध्ये शिकताय ना? मग रोजचं काय ते सांगा

पुण्यात जपानी शिकणारे किती आहेत ते पाहायचं असेल तर जुलैत किंवा डिसेंबरात जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या केंद्रावर जा. जपानचं शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, त्यामुळे दर जानेवारी-फेब्रुवारीत मला विचारणा सुरू होते: "ताई, तिथे कसं असतं?" एका वाक्यात काय सांगणार! म्हणून हा धागा. बुलेट ट्रेन, रोबोट आणि बटणांचे संडास सगळ्यांना पाठ आहेत. ते वगळून लिहा.

सुरुवात मीच करते. घरी राहायला गेल्यापासून 14 दिवसांत वॉर्ड ऑफिसात, म्हणजे कुयाकुशोत, पत्ता नोंदवावा लागतो. तिथलं काम इतकं झटपट होतं की 'सरकारी काम, सहा महिने थांब' म्हणणाऱ्या आपल्या पिढ्यांना वाईट वाटावं. तिथेच आरोग्यविम्यात नाव घाला. मग डॉक्टरच्या बिलातला 30 टक्के भाग तेवढा आपण भरायचा. खरी गंमत पुढे आहे. बँकेला खातं उघडायला जपानी फोन नंबर हवा असतो आणि फोनवाल्यांना बँकेचं खातं. त्यात बऱ्याच बँका देशात सहा महिने पूर्ण न झालेल्याला 'अनिवासी' धरतात. पहिल्या महिन्याचे पैसे रोख जवळ ठेवा.

सायतामा, भाषाशाळा
कचरा! जळणारा, न जळणारा, प्लास्टिक, काच, डबे, प्रत्येकाचा वार वेगळा आणि नियम गावागणिक वेगळे. बाटलीचं झाकण काढा, वरचं लेबल सोला, आतून धुवा, मग टाका. दुधाचा खोका धुऊन, उभा चिरून, वाळवायचा. चुकीची पिशवी गाडीवाले उचलत नाहीत, वर कारण लिहिलेली चिठ्ठी चिकटवून जातात. बिल्डिंगमध्ये ती पिशवी कुणाची हे सगळ्यांना बरोबर कळतं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींनी मला कचऱ्याचं वेळापत्रक रंगीत पेनांनी काढून दिलं. प्रेमाने की वैतागून, अजून ठरवता आलेलं नाही.

सप्पोरो, पीएचडी
थंडीबद्दल गैरसमज घेऊन येऊ नका. होक्काइदोत, म्हणजे आमच्या उत्तरेकडच्या बेटावर, बाहेर बर्फाच्या भिंती असतात, पण घरं थंडीसाठीच बांधलेली, त्यामुळे आत टी-शर्टवर बसतो. डिसेंबरात टोक्योला मित्राकडे गेलो आणि त्याच्या खोलीत जॅकेट घालून झोपलो. तिकडच्या स्वस्त जुन्या इमारतींच्या भिंती पातळ, खिडकीला एकेरी काच. स्वेटर टोक्योवाल्यांनीच जास्त न्या.

क्योतो, एमए
शाकाहारी मंडळींनो, मांस दिसत नाही म्हणून पदार्थ शाकाहारी समजू नका. मिसो सूप, उडोन आणि सोबा या नूडल्स, उकडलेल्या भाज्यासुद्धा, सगळ्याच्या मुळाशी दाशी, म्हणजे चवीचं उकळलेलं पाणी, असते आणि ती बहुधा कात्सुओ नावाच्या सुक्या माशाची. 'मासा चालत नाही' म्हटलं तरी दाशी मासा आहे हे समोरच्याच्या लक्षात येत नाही, इतकी ती गृहीत धरलेली. क्योतोच्या देवळांत शोजिन र्योरी, म्हणजे बौद्ध भिक्षूंचं शाकाहारी जेवण, मिळतं, त्यात कोंबू या समुद्री शेवाळाची दाशी असते. चव सुरेख, पण किंमत विद्यार्थ्याची नाही. शेवटी घरीच रांधावं लागतं. भेंडी उन्हाळ्यात सुपरमार्केटात सहज मिळते, तिला तिथे ओकुरा म्हणतात. तूरडाळ आणि कणीक टोक्योत शिन-ओकुबो किंवा निशिकासाईला. आमच्या बाजूचे लोक कोबेला जातात. तिथे भारतीय व्यापारी जुने, 1985 पासून जैन मंदिरही आहे. रात्री आठनंतर सुपरमार्केटात जा, अर्ध्या किमतीचे स्टिकर लागतात. त्या वेळी मात्र आजीबाईंशी स्पर्धा करू नका, हराल.

ओसाका, भाषाशाळा (मूळ कोल्हापूर)
वरचं सगळं गोड गोड झालं. आता पैशाचं सांगतो. विद्यार्थी व्हिसावर काम करायला वेगळी परवानगी लागते आणि आठवड्याला 28 तासांची मर्यादा असते, दोन ठिकाणी करत असला तरी दोन्ही मिळून 28. मोठ्या सुट्टीत दिवसाला आठ तास चालतात. मी बेंतोच्या, म्हणजे तयार जेवणाच्या डब्यांच्या, कारखान्यात रात्रपाळी करतो, कारण रात्री दहा ते पहाटे पाच या वेळेत 25 टक्के जादा मिळतात. पट्ट्यावरून डबे येतात, प्रत्येकात एक तळलेली कोळंबी ठेवायची. रात्रभर तेवढंच. सोबत नेपाळी, व्हिएतनामी पोरं, सगळ्यांची गोष्ट सारखी. सकाळी वर्गात डोळे मिटतात आणि हजेरी घसरली की व्हिसाच्या मुदतवाढीला अडतं. गावाकडं एजंट सांगतात, तिथं कमवा आणि तिथंच फी भरा. भावांनो, 28 तासांत भाडं आणि जेवण भागतं. फी निघत नाही. हिशोब घरी बसून करा, मग या.

सेंदाई, एमटेक
भूकंपाचं कुणीच लिहिलं नाही? सगळे फोन एकदम ओरडतात तो आवाज विसरता येत नाही. प्रयोगशाळेतली कपाटं भिंतीला बांधलेली असतात, ते का, हे पहिल्या हादऱ्याला कळतं. आमच्या सेन्साइंनी, म्हणजे सरांनी, मॉनिटर हाताने धरला, थांबल्यावर सोडला आणि अर्धवट राहिलेलं वाक्य पूर्ण केलं. बातम्यांत 'शिंदो' सांगतात तो रिश्टरचा आकडा नव्हे. तुमच्या पायाखाली किती हललं त्याची ती 0 ते 7 ची मोजणी. घरी फोन करताना आईला हा फरक आधी समजावा.

त्सुकुबा, पीएचडी
लोक मदत करतात, रस्ता दाखवायला सोबत चालत येतात, पण मैत्री होत नाही. ट्रेनमध्ये माझ्या शेजारची जागा शेवटी भरते. लॅबमध्ये दिवसभरात 'ओत्सुकारेसामा' (काम संपताना म्हणायचं 'दमलात, छान झालं') सोडून शब्द नाही.

नागपूरकर, सध्या ओसाका
@त्सुकुबा, जागेचं खरं आहे, पण मैत्री लॅबमध्ये शोधू नकोस, एखाद्या क्लबात जा. मी गिर्यारोहणाच्या सर्कलमध्ये शिरलो. त्यांनाच घेऊन कोयासान या बौद्ध मठांच्या डोंगरावर गेलो. ओसाकातल्या नाम्बाहून नानकाई रेल्वे, शेवटी केबल कार. तिथल्या विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा आहे, 2015 मध्ये बसवलेला. सोबतच्या जपानी पोरांना ते कोण हे सांगत बसलो, तर उतरायची केबल कार चुकली. माझ्या तोडक्या जपानीत संविधान, दीक्षाभूमी, सगळं. त्यांनी प्रश्न विचारले, चांगले विचारले.

टोक्यो, पदवी, दुसरं वर्ष
सगळे गंभीर झालात. असाकुसाच्या मात्सुचियामा शोदेन या देवळात जाऊन या. तिथला कांगितेन म्हणजे आपला गणपतीच. मूर्ती मात्र कुणाला दाखवत नाहीत. मोदकाऐवजी नैवेद्य पांढऱ्या मुळ्याचा, कमानींवर, पायऱ्यांवर सगळीकडे मुळेच कोरलेले. वाहून झालेले मुळे प्रसाद म्हणून घरी नेता येतात. मी दोन आणले. एकाची कोशिंबीर, दुसऱ्याचे पराठे, पानांची पीठ पेरून भाजी. महिनाअखेर होती.