अनुभव धागा : डबल क्लचचे दिवस (बेडफर्ड, लेलँड आणि बाकीच्या विलायती लॉऱ्या)

हळदीची पोर (धागाकर्ती)

बाबा सांगलीहून मुंबईला, मसजिद बंदरला हळद न्यायचे. गाडी लेलँड कॉमेट. १९७१च्या मे महिन्यात मी नऊ वर्षांची होते. आत्याकडे जायचं म्हणून केबिनमध्ये क्लीनर आणि बाबांच्या मध्ये बसले होते. खंबाटकीच्या चढाला समोरच्या गाडीच्या चाकाखालून एक दगड उडाला आणि थेट रेडिएटरवर बसला. बारीकशी चीर. पाणी थेंब थेंब, मग धार.

बाबांनी गाडी कडेला घेतली आणि अर्धा तास नुसते बिडी ओढत बसले. मला वाटलं आता रात्र इथेच. पण ते फक्त इंजिन निवायची वाट बघत होते. मग ताडपत्रीचा एक कोपरा सोडून त्यांनी पोतं उसवलं. लोडमध्ये हळकुंडांबरोबर दोन पोती दळलेली हळदही होती. दोन मुठी हळद रेडिएटरमध्ये, वरून कॅनमधलं पाणी. इंजिन चालू केल्यावर चिरेतून आधी पिवळी धार आली, मग पिवळे थेंब, मग काहीच नाही. पुण्यापर्यंत बॉनेटमधून फोडणीचा वास येत होता. मुंबईत बाबांनी पेढीवर दोन मुठी हळदीचे पैसे पुढे केले. शेठ हसले आणि घेतले नाहीत.

तर असे अनुभव हवे आहेत. लेलँड, बेडफर्ड, ऑस्टिन, मॉरिस कमर्शियल, कॉमर, नाहीतर फार्गो-डॉजमध्ये बसवलेलं पर्किन्स इंजिन, काहीही चालेल. चालवली असेल, क्लीनर म्हणून फिरला असाल, नुसते फाळक्याला लटकला असाल तरी लिहा. टाटा-मर्सिडीजवाल्यांनी कृपया वेगळा धागा काढावा. १९५४ला त्या आल्या आणि पुढे सगळा रस्ताच त्यांचा झाला, इथे तरी आम्हाला जागा द्या.

नव्या पिढीसाठी थोडं. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला. बेडफर्ड ही त्यांचीच विलायतेतली लॉरी. शिवडीचं काम १९५४ला थांबलं, पुढे बंगालमध्ये उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सने बेडफर्ड बनवली. मद्रासची अशोक मोटर्स १९४८ची, आधी ऑस्टिन जोडायची. लेलँडशी करार झाल्यावर १९५५ला तिचं नाव अशोक लेलँड झालं. आपल्या एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ला पुण्याहून नगरला गेली, तीही बेडफर्डच. लाकडी बॉडी आणि काथ्याच्या गाद्या.

कोयनाकाठ

मी ७९ वर्षांचा. नातू टंकतोय, चुका त्याच्या.

१९६१ला कराडात क्लीनर म्हणून लागलो. कोयनेच्या धरणाचं काम जोरात होतं. कराड स्टेशनातनं सिमेंट उचलायचं आणि वर कोयनानगरला टाकायचं. गाडी डिस्पोजलची बेडफर्ड. लढाई संपल्यावर लष्करानं लिलावात काढल्या त्यातली, थ्री टनर. चार गेअर. गेअरबॉक्स असा की दातांचा मेळ तुम्ही पायानं आणि कानानं बसवायचा, नाहीतर आख्ख्या गावाला ऐकू जाईल असा खरखराट.

शिकवलं कसं ते सांगतो. उस्तादानं पहिले दोन महिने स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. मी शेजारी बसायचो, गेअरच्या मुठीवर माझा हात आणि त्यावर उस्तादाचा. बोलायचं नाही. वरचा गेअर टाकताना क्लच दाबला, गेअर मधी आणला, क्लच सोडला, आवाज खाली बसू दिला, परत क्लच, आणि मूठ आपोआप आत. खालचा गेअर टाकताना उलटं. मधी असताना क्लच सोडून रेस द्यायची, आवाज वर गेला की परत क्लच आणि खालचा गेअर. रेस कमी पडली की मुठीतनं झिणझिण्या खांद्यापर्यंत. डोळं मीट म्हणायचे. डोळं मिटून आवाज वळखायला लागलो तवा गाडी हातात दिली, तीबी रिकामी, नदीच्या वाळूत.

कुंभार्लीला लोड घेऊन चढताना गाडी पहिल्या गेअरला माणसाच्या चालीनं जायची. क्लीनर मागं चालत, हातात लाकडी गुटका. गाडी थबकली की मागच्या चाकाखाली गुटका सारायचा. हे काम मी तीन वर्षं केलं. एकदा गुटका सारताना पाय घसरला, चाक आणि पाय यात चार बोटांचं अंतर राहिलं. घरी सांगितलं नाही.

इंजिन चालू करायला पुढनं हँडल मारायचं तर अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, मुठीत आवळायचा नाही. इंजिननं उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो. माझ्या बरोबरचा एकजण विसरला होता, त्याचा अंगठा जन्मभर वाकडा राहिला.

पुढं मालकानं पेट्रोलचं इंजिन काढून पर्किन्स पी-सिक्स डिझेल बसवलं. खर्च निम्म्यावर आला. पण आवाज सगळा बदलला आणि माझे कान परत शून्यातनं शिकले.

(नातू : आजोबा अजून माझ्या गाडीत बसले की गेअर बदलताना डोळे मिटतात. मला वाटायचं घाबरतात.)

उघडी चेसिस

वरचं वाचून राहवलं नाही. मी लॉरी चालवलीच नाही. चालवली ती निम्मी लॉरी.

१९७४. मद्रासजवळ एन्नोरच्या कारखान्यातून लेलँडच्या चेसिस रस्त्याने यायच्या, दापोडीच्या एस.टी. वर्कशॉपला. तिथे बॉडी चढायची. चेसिस म्हणजे काय, तर चाकं, इंजिन, स्टिअरिंग, दोन लांब पट्ट्या आणि बसायला एक फळी. केबिन नाही, काच नाही, छप्पर नाही. साधारण १२०० किलोमीटर. आठ-आठ गाड्यांची रांग असायची. बंगलोर, तुमकूर, चित्रदुर्ग, दावणगेरे, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर.

सामान : एक गॉगल, दोन टॉवेल, एक रेनकोट. टॉवेल ओला करून डोक्याला आणि तोंडाला गुंडाळायचा, कारण तोंड उघडं ठेवलं तर संध्याकाळी किडे खाल्ले जातात. शब्दशः. ड्रायव्हर बोलत का नाहीत हे मला तेव्हा कळलं. दुपारी पुढून वारा तापलेला, पायाशी इंजिन तापलेलं, आणि मधे आपण भाकरीसारखे. पाठीला टेकायला काही नाही, त्यामुळे ब्रेक दाबताना स्टिअरिंगला लोंबकळायचं. वर रिकामी चेसिस मागून उड्या मारते. खड्डा आला की फळीवरून ढुंगण वीतभर वर, आणि खाली येताना फळी तिथे असेलच याची खात्री नाही. आम्ही फळीवर धान्याचं पोतं दुमडून सुतळीने बांधायचो.

चित्रदुर्गच्या पुढे एकदा पावसाने गाठलं. आडोसा नाही. मैलभर मागे-पुढे झाड नाही. आठही जण गाड्या थांबवून चेसिसच्या खाली सरकलो, पट्ट्यांमध्ये, पोटावर. तासभर तसेच. कुणीतरी खालूनच शेजारच्या गाडीखालच्या माणसाला शेंगा दिल्या. पाऊस थांबल्यावर बाहेर आलो तर मेंढरं घेऊन एक पोरगा उभा होता. रस्त्यावर आठ सांगाडे आणि त्याखालून निघणारी आठ काळी माणसं बघून तो मेंढरं सोडून पळाला.

बेळगावला चहावाल्याने मराठीत "किती?" विचारलं की घरी आल्यासारखं वाटायचं. दापोडीला गाडी लावली की पहिलं काम म्हणजे पाठीवर पाणी ओतून घेणं. ज्या ठेकेदाराकडे होतो त्याने शेवटच्या तीन खेपांचे पैसे अजून द्यायचे आहेत. देईलसं वाटत नाही.

पुढे वीस वर्षांनी सांगोल्याला जाताना एस.टी.त बसलो, खिडकीशी. गाडी लेलँडचीच. मनात आलं, हिला मी उघडी बघितलीय की काय.

मस्कती

छोटासा. १९८३, मस्कतमधलं रुवी. आमच्या साइटवर पाण्याचा टँकर यायचा, जुनी बेडफर्ड, पठाण ड्रायव्हर. अंगभर मोर, विमानं, एक डोळे मोठे केलेला वाघ. मी म्हटलं, आमच्याकडेही ही गाडी होती, पण एवढी नटलेली नव्हती. तो म्हणाला, आमच्या गावात ट्रकलाच बेडफर्ड म्हणतात. त्या दिवसापासून मला पाणी आधी मिळायचं.

गुडघा

सगळ्यांचं वाचलं. छान लिहिलंय, पण एक उलटी बाजू मांडू का?

माझे वडील तेवीस वर्षं अशा गाड्यांवर होते. इंजिन केबिनमध्येच, पावलाजवळ. एप्रिलमध्ये चपलेचा तळ मऊ व्हायचा. दिवसातून शेकडो वेळा डबल क्लच, म्हणजे प्रत्येक गेअरला दोनदा दाबणं. पन्नाशीत डावा गुडघा गेला. कंबर त्याआधीच गेली होती. रात्री घाटात गाडी बंद पडली की भीती चोराची नसायची, मालक किती कापेल याची असायची. गाडीत सीटबेल्ट कुठला, आरसादेखील एकच होता. तोही क्लीनरच्या बाजूला, आणि क्लीनर झोपलेला.

त्यांना एकदा विचारलं, त्या गाडीची आठवण येते का? म्हणाले, "गुडघा आठवण करून देतो की रोज." ते हसून म्हणाले, मी हसलो नाही.

हळदीची पोर (धागाकर्ती)

@गुडघा, बरं केलंत लिहिलंत. बाबा डाव्या कानाने पूर्ण बहिरे होते, इंजिन त्याच बाजूला. आम्ही भावंडं जेवायला त्यांच्या उजवीकडे बसायला भांडायचो, कारण तिथून बोललेलं ऐकू जायचं. आई कायम डावीकडे बसायची. का, ते मोठं झाल्यावर कळलं.

लँकेशायरचा पाऊस

मी २००६पासून इंग्लंडमध्ये, प्रेस्टनला. इथून दक्षिणेला जवळच लेलँड आहे. हो, ते गाव आहे! मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. लहानपणी ट्रकच्या तोंडावर वाचलेलं अक्षर एकदम रेल्वे स्टेशनच्या पाटीवर दिसलं, तर मी फोटो काढून आधी भावाला पाठवला. १८९६ला इथे वाफेवर चालणारी गाडी बनवणारी कंपनी निघाली, १९०७ला तिचं नाव लेलँड मोटर्स झालं. आता गावात किंग स्ट्रीटवर जुन्या लॉऱ्यांचं म्युझियम आहे.

या लोकांनी गाड्यांना जनावरांची नावं दिली होती. बीव्हर, हिप्पो, बायसन, आणि आठ चाकांची ती ऑक्टोपस. बीव्हर-हिप्पो आपल्याकडेही आल्या. विदर्भात आमच्या शेजारी हिप्पोचा ड्रायव्हर राहायचा, त्याला हिप्पो म्हणजे काय हे मी चित्रात दाखवलं तेव्हा त्याचा चेहरा पडला होता.

एका उन्हाळ्यात जुन्या गाड्यांच्या मेळ्यात ऐंशीच्या घरातल्या एका आजोबांनी त्यांची ऑक्टोपस मला शेतात चालवू दिली. स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे परकं वाटलं नाही, पण चाक परातीएवढं आणि वळवायला पुरा खांदा. दुसऱ्या गेअरला मी रेस कमी दिली. जो आवाज आला त्याने आजूबाजूची सगळी म्हातारी मंडळी एकदम वळून बघायला लागली. आजोबा काही बोलले नाहीत, फक्त गेअरच्या मुठीवर ठेवलेल्या माझ्या हातावर हात ठेवला. @कोयनाकाठ, तुमची पोस्ट वाचून त्यामुळेच लिहायला बसलो.

त्यांच्या तरुणपणी जड लॉरीला ताशी २० मैलांची मर्यादा होती, ती १९५७ला ३० झाली. स्कॉटलंडकडे जाताना शॅपचा डोंगर ओलांडायचा. आपल्या घाटांपुढे उंचीला काही नाही, पण बर्फ. केबिनमध्ये हीटर नाही. पायांना पोती गुंडाळून चालवायचे. मोटरवे १९७०ला झाला, तोवर सगळी वाहतूक त्याच जुन्या रस्त्याने.

निघताना ते ताडपत्री बांधत होते. दोरीचा फास उलटा पिरगाळून त्यातून टोक ओढून घ्यायचं, म्हणजे एका माणसाला दोघांचा ताण मिळतो. त्या गाठीला ते डॉली म्हणतात. मी म्हटलं द्या इकडे, आणि बांधून दाखवली. अकोल्याच्या मोंढ्यात सुट्टीत सरकी भरायला जायचो तेव्हा शिकलेली गाठ होती. हीच! कुणी कुणाला शिकवली देव जाणे. आजोबांनी ती सोडवून बघितली, परत बांधायला लावली, मग चहा पाजला. साखर न विचारता दोन चमचे.

गुऱ्हाळ

आठवण वगैरे नाही, अडचण आहे. आमच्या गुऱ्हाळाचा चरक अजून पर्किन्स पी-सिक्सवर चालतो. वडिलांनी भंगारातल्या फार्गोचं काढून आणलं होतं. दिवाळीनंतर घाणा सुरू करायचा आहे आणि हेडचं पॅकिंग (इंजिनाच्या वरच्या झाकणाखालचा पत्रा, गॅस्केट) उडालंय. पाणी आणि ऑइल एक व्हायला लागलंय. इचलकरंजी, कोल्हापूर, मिरज, सगळीकडे विचारून झालं. दुकानदार आधी हसतो, मग नवीन इंजिनाचा दर सांगतो. कुणाकडे असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पैसे देईन, वर गुळाची ढेप.

कोयनाकाठ

नातू लिहितोय. आजोबा म्हणतात, माळ्यावर ट्रंकेत एक पॅकिंग आहे, तांब्याचं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, कधीच वापरलेलं नाही. पी-सिक्सचंच आहे असं छातीठोक सांगतायत. मी वर चढून शोधतो. ते स्वतःच चढायला निघाले होते, आजीने शिडी काढून घेतली आहे.