श्वान पेशींवर सेमिनार आहे, न्यूरेग्युलिनपाशी अडलोय. सल्ला हवा

शेवटचा_बाक:
सेमिनारला श्वान पेशींची जडणघडण हा विषय घेतलाय. म्हणजे नसांमधले तंतू सांभाळणाऱ्या आणि त्यांतल्या काहींभोवती मायलिन (चरबीयुक्त वेष्टण) गुंडाळणाऱ्या पेशी. (कुत्र्याशी संबंध नाही, थिओडोर श्वान यांचं नाव. हा विनोद वर्गात तीनदा झालाय.) घोडं अडलंय न्यूरेग्युलिन-१ या संकेत देणाऱ्या प्रथिनापाशी. कुठे वाचावं तर ते पेशी जगवतं, कुठे विभाजन करायला लावतं, कुठे मायलिन गुंडाळायला. एकाच रेणूची इतकी कामं वीस मिनिटांत कशी मांडू?

खारीचा_वाटा:
रेणूंची यादी वाचू नका, पाचव्या मिनिटाला लोक मोबाइल काढतील. एक पेशी धरा आणि तिच्या मागे चाला. न्यूरल क्रेस्ट या गर्भातल्या पेशीसमूहातून निघालेली पूर्वपेशी अक्षतंतूंच्या (चेतापेशींच्या लांब धाग्यांच्या) अंगाने सरकते. या वयात तंतूवरचं न्यूरेग्युलिन मिळालं नाही तर ती मरते. पुढे अपरिपक्व श्वान पेशी झाली की जगण्याचे संकेत स्वतःच स्रवू लागते, आयजीएफ-२ हे वाढीचं प्रथिन वगैरे. निरोप तोच, ऐकणारी बदलली.

मायलिनला मात्र निवांत वेळ द्या. २००४ मध्ये उंदरांत न्यूरेग्युलिन कमी केलं तर मायलिन पातळ झालं, वाढवलं तर जाड. २००५ चा प्रयोग तर भन्नाट: सिम्पथेटिक (आपोआप चालणाऱ्या क्रियांच्या) चेतापेशींचे तंतू एरवी बहुतेक मायलिनविना असतात. त्यांच्यात न्यूरेग्युलिनचा टाइप-३ प्रकार वाढवला आणि डिशमधल्या श्वान पेशींनी त्यांनाही मायलिन गुंडाळलं! एवढी एक स्लाइड नीट जमली तरी पुरे.

पिपेटवाली:
वरच्याशी सहमत. श्वान पेशीवरच्या रिसेप्टरांची, म्हणजे संकेत टिपणाऱ्या प्रथिनांची, जोडीही दाखवा, आंधळ्या-पांगळ्याची आहे. एर्बबी३ न्यूरेग्युलिन धरतो, पण त्याचा कायनेज (संकेत पेशीत पुढे पोचवणारा भाग) जवळपास निकामी. एर्बबी२ चा कायनेज दणकट, पण त्याला न्यूरेग्युलिन धरता येत नाही.

आणि सगळं श्रेय न्यूरेग्युलिनला देऊ नका. पेशीत सीएएमपीही (आतला निरोप्या रेणू) वाढावं लागतं, म्हणून तर आम्ही डिशमध्ये ते वाढवणारं फोर्स्कोलिन घालतो. शरीरात ते काम जीपीआर१२६ या रिसेप्टरकडे. तो नसला तर पेशी एका तंतूशी जोडी जमवते आणि तिथेच थबकते, गुंडाळायला सुरुवातच करत नाही. तो टप्पा ओलांडला की क्रॉक्स२० हा जनुकांचा नियंत्रक मायलिनची जनुकं चालू करतो. त्यातल्या उत्परिवर्तनांमुळे माणसात शार्को-मारी-टूथ या नसांच्या आनुवंशिक आजाराचे काही प्रकार होतात, परीक्षक हमखास विचारतात.

शेवटचा_बाक:
दोघांचे आभार! मग नॉच हा आणखी एक रिसेप्टर कुठे बसवू?

पिपेटवाली:
दोनदा. आधी तो पूर्वपेशीला पुढच्या टप्प्यावर ढकलतो, नंतर मायलिनच्या आड येतो. क्रॉक्स२० चढला की नॉच दबतो. नस तुटली की पुन्हा डोकं वर काढतो, पण तिकडे वळलात तर वीस मिनिटं पुरायची नाहीत.