जावातलं '==' : 'तोच' की 'तसाच'?

प्रश्न : सेकंड इयरला जावा ही प्रोग्रामिंग भाषा शिकवते. == मराठीत समजावताना मी 'समान आहे का' असं म्हणते, इंट (पूर्णांक) असेपर्यंत ते चालतं पण स्ट्रिंग (मजकूर) आली की गाडी अडते. स्कॅनर क्लासने कीबोर्डवरून घेतलेलं 'पुणे' आणि कोडमध्ये लिहिलेलं 'पुणे', प्रिंट केलं तर दोन्ही सारखीच दिसतात आणि == सांगतं फॉल्स. मुलं म्हणतात मॅडम, समान तर आहेत की! इथे नेमका शब्द कोणता वापरायचा?

उत्तर : स्ट्रिंगसारख्या ऑब्जेक्टसाठी 'समान' सोडाच. आपल्या रोजच्या बोलण्यात 'तोच' आणि 'तसाच' हे दोन शब्द आहेत ना, तेच वापरा. लग्नात दोघी जावांनी एकाच रंगाची, एकाच काठाची साडी नेसली तर ती 'तशीच' साडी, आणि थोरलीची मागून धाकटीने दुसऱ्या दिवशी नेसली तर 'तीच'. == विचारतं 'तोच आहे का', इक्वल्स मेथड विचारते 'तसाच आहे का'. व्हेरिएबलमध्ये ऑब्जेक्ट नसतोच, त्याचा रेफरन्स, म्हणजे तो कुठे आहे याचा पत्ता असतो, आणि == फक्त एवढंच बघतं की दोन्ही रेफरन्स एकाच ऑब्जेक्टकडे जातात का, आत काय लिहिलंय ते बघत नाही. इंटसारख्या प्रिमिटिव्ह (साध्या) टाइपमध्ये थेट किंमतच असते म्हणून तिथे 'समान' खपून जातं.

आणि हे मुलांना नक्की सांगा की 'तसाच' म्हणजे कशाकशात सारखा हे क्लास लिहिणाऱ्याने ठरवायचं असतं. विद्यार्थी क्लासमध्ये रोल नंबर जुळला की पुरे, की वर्षही जुळायला हवं? इक्वल्स ओव्हरराइड केलीच नाही, म्हणजे आपली वेगळी लिहिली नाही, तर सगळ्या क्लासच्या मुळाशी असलेल्या ऑब्जेक्ट क्लासची वापरली जाते, आणि ती आतून == च करते. ओव्हरराइड केलीत तर हॅशकोडही (ऑब्जेक्टवरून एक आकडा काढणारी मेथड) करा, नाहीतर हॅशसेटमध्ये (एक गोष्ट एकदाच ठेवणाऱ्या संग्रहात) एकच विद्यार्थी दोनदा जाऊन बसेल.

प्रश्न : पण कोडमध्येच दोन ठिकाणी 'पुणे' लिहिलं तर == ट्रू देतं, ते का मग?

उत्तर : कारण तिथे खरोखर 'तोच' आहे. सारखे स्ट्रिंग लिटरल (कोडमध्ये थेट लिहिलेला मजकूर) जावा एकदाच ठेवतं आणि दोन्हीकडे तोच ऑब्जेक्ट देतं. न्यू वापरून बनवा, लगेच फॉल्स.

आणखी एक : याच्यापेक्षा इंटिजर जास्त फसवतं बरं का. २००४ साली जावा ५ मध्ये ऑटोबॉक्सिंग (इंटचं आपोआप इंटिजर ऑब्जेक्टमध्ये रूपांतर) आलं, त्यात -१२८ ते १२७ पर्यंतचे इंटिजर ऑब्जेक्ट कॅशमधून, म्हणजे आधीच बनवून ठेवलेल्या साठ्यातून मिळतात. म्हणजे इंटिजर टाइपच्या दोन व्हेरिएबलमध्ये १२७ टाकून == केलं तर ट्रू, १२८ टाकलं की साधारणपणे फॉल्स. मुलं टेस्टिंगला ५, १० असलेच आकडे घालतात, सगळं पास होतं आणि चूक आतच राहते. वर्गात १२७ आणि १२८ शेजारी शेजारी चालवून दाखवा, त्याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

अजून एक भर, हा अर्थ भाषेगणिक बदलतो. पायथनमध्ये 'तसाच' साठी == आणि 'तोच' साठी इज. कोटलिनमध्ये == आतून इक्वल्सच बोलावतं, 'तोच' विचारायला === लिहावं लागतं. सी++ मध्ये आपल्या क्लाससाठी == चा अर्थ आपणच लिहायचा. जावात ती सोय जावाचे जनक जेम्स गॉस्लिंग यांनी मुद्दाम ठेवली नाही, सी++ मध्ये लोकांनी तिचा फार गैरवापर केलेला त्यांनी पाहिला होता. मला तो निर्णय पटतो, दुसऱ्याचा कोड वाचताना == म्हणजे काय हे शोधत बसावं लागत नाही.

प्रश्न : 'तोच-तसाच' उद्यापासूनच वापरते. आणि नल असेल, म्हणजे व्हेरिएबलमध्ये कुठल्याच ऑब्जेक्टचा रेफरन्स नसेल तर?

उत्तर : शहर नावाचं व्हेरिएबल नल असताना शहर.इक्वल्स लिहिलं तर नल पॉइंटर एक्सेप्शन येणार, कारण ज्याला विचारायचं तो ऑब्जेक्टच जागेवर नाही. म्हणून "पुणे".इक्वल्स(शहर) असं उलटं लिहायची सवय लावा, किंवा जावा ७ पासून ऑब्जेक्ट्स.इक्वल्स आहे ते वापरा. फक्त नल आहे का एवढंच बघायचं असेल तर तिथे == च बरोबर.