आईच्या गुडघ्यात स्टेम सेलचं इंजेक्शन घ्यावं का? (पुणे)

कर्वेरोडकर: मंडळी, आईचे दोन्ही गुडघे गेलेत, एक्स-रे रिपोर्टवर ग्रेड 4 (म्हणजे झिजेची शेवटची पायरी) लिहिलंय, ऑर्थोवाले म्हणतात रिप्लेसमेंट करा पण ऑपरेशन म्हटलं की तिच्या पोटात गोळाच येतो. आता शेजारच्या काकूंनी एका क्लिनिकचं पत्रक आणून दिलंय, पोटाची चरबी काढून त्यातल्या स्टेम सेल (मूळ पेशी) गुडघ्यात सोडतात म्हणे आणि नवीन कूर्चा (सांध्यातली गादी) तयार होते. त्याच पत्रकात डायबेटिस, पार्किन्सन, ऑटिझमपण बरं होतं असं छापलंय. दीड लाख सांगितलेत. कोणी केलंय का?

पेठेतला: एवढं सगळं बरं होतं तर टक्कल का सोडलं?

निंबाळकर_ताई: विद्यापीठात एनसीसीएस, ती पेशींवर काम करणारी राष्ट्रीय संस्था, आहे ना, तिथे दाखवा की.

स्लाइडवाली: ताई, तिथे संशोधन चालतं, ओपीडी नाहीये.
मी पॅथॉलॉजीत आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. स्टेम सेल म्हणजे थोतांड नाही हां, बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हणजे तेच की, त्यासाठी अमेरिकन डॉक्टर डोनाल थॉमसना 1990 चं नोबेल मिळालंय. ल्युकेमिया, थॅलेसेमियात रक्ताच्या मूळ पेशी सलाइनसारख्या शिरेतून देतात, त्या आपणहून हाडाच्या पोकळीत जाऊन बसतात आणि नवं रक्त बनवायला लागतात. चरबीतल्या पेशींचं तसं नाही, गुडघ्यात त्या फार टिकत नाहीत, त्यांच्यातून जे स्रवतं त्याने ठणका कमी होऊ शकतो पण झिजलेली कूर्चा परत येते हे काही सिद्ध झालेलं नाही. आयसीएमआरच्या (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या गाइडलाइन्सप्रमाणे रक्ताचे वगैरे ठरावीक आजार सोडले तर बाकी सगळं ट्रायलमधेच (नोंदवलेल्या चाचणीतच) करायचं आणि ट्रायलमधे पेशंटकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. नंतर गुडघ्यासाठी दात्याच्या बोन मॅरोपासून बनवलेलं एक इंजेक्शन मंजूर झालंय, पण ते ग्रेड 2-3 ला, तुमच्या आईंना नाही. क्लिनिकला सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या ट्रायल जिथे नोंदवतात तिथला, नंबर मागा.

कर्वेरोडकर: आत्ताच फोन केला. रिसेप्शनवाल्या मॅडमनी जीएसटी नंबर दिला.

पेठेतला: 😂 पावती तरी पक्की मिळेल.

सिंहगडरोड_आजोबा: आमच्या हिचं रिप्लेसमेंट झालंय, दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं केलं. आईला घेऊन या घरी, हिच्याशी बोलू दे, डॉक्टरांनी सांगून कळत नाही ते बायकांना एकमेकींकडून कळतं. फिजिओ मात्र आत्तापासूनच चालू करा, मांडीचे स्नायू आधी घट्ट झाले तर नंतर बरं पडतं.

कर्वेरोडकर: रविवारी चालेल का काका? आणि लिफ्ट आहे ना?